उभ्या गाडीचीही झीज होते

गोंदियापासून सुमारे १२ किलोमीटरवरच्या बिरसीला धावपट्टी बांधली ती इंग्रजांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. आता तिथे वैमानिक घडतात, आणि कामठा परिसरातल्या लोकांना डायमंड कंपनीच्या छोट्या विमानांची घरघर सवयीची झाली आहे. विमानांच्या देखभालीतला एक नियम मोटारवाल्यांनी उचलावा असा आहे. उड्डाणाचे ठरावीक तास भरले की विमानाची तपासणी होते. तास भरले नसले, तरी तारीख उलटली की होतेच. हँगरमध्ये नुसते उभे होते, ही सबब तिथे चालत नाही. डायमंडच्या डिझेल विमानांत बसणारे ऑस्ट्रो इंजिन मर्सिडीजच्या मोटारीच्या २ लिटर डिझेल इंजिनावरून बेतलेले आहे. त्याच घराण्यातले इंजिन घराच्या पोर्चमध्ये आले, की मालक म्हणतो, "वर्षभरात चारच हजार किलोमीटर झाली. आत्ताच सर्व्हिसिंग कशाला?"

महागड्या गाड्यांबद्दलच्या समजुतींत ही मला सगळ्यांत नुकसानीची वाटते. बिरसीहून गोंदियाच्या बाजारात जाऊन यायचे म्हटले, तर ऑइल पुरते तापेपर्यंत गाव येते. थंड इंजिनात थोडे इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते. लांबच्या प्रवासात ती उडून जाते, अशा फेऱ्यांत साचत राहते. त्यामुळे गावातल्या गावात झालेली चार हजार किलोमीटर महामार्गावरच्या दहा हजारांपेक्षा ऑइलला जड जाऊ शकतात. मर्सिडीज आपल्याकडे १५,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते धरायला सांगते, त्यामागे हेच कारण आहे.

ब्रेक ऑइलला तर किलोमीटरशी देणेघेणेच नाही. ते हवेतला ओलावा शोषते, आणि आपल्याकडचे पावसाळी चार महिने त्याला पुरेसे आहेत. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा धरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. दोन टनांची गाडी वेगात असताना पुन्हा पुन्हा ब्रेक दाबावे लागले, तर उकळलेल्या ऑइलचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली बसते. दर दोन वर्षांनी ते बदलणे हा या गाड्यांमधला बहुधा सर्वांत स्वस्त जीवरक्षक खर्च आहे. तरी बिलात काटछाट करताना पहिली फुली त्याच्यावरच पडते, याचे मला खरोखर वाईट वाटते.

डिझेल गाडी असेल तर गावातल्या फेऱ्यांचा दुसरा फटका धुराच्या फिल्टरला बसतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर आला. साठलेली काजळी गाडी आपली आपण जाळते, पण त्यासाठी धूर साधारण ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो आणि गाडी काही वेळ एकसारखी चालावी लागते. दर वेळी मध्येच इंजिन बंद झाले की फिल्टर तुंबतो आणि दिवा लागतो. "दिवा लागला, म्हणजे गाडीच खराब निघाली," असे लगेच म्हटले जाते. बहुतेकदा तिला फक्त रस्ता हवा असतो. कोहमाऱ्याला जाऊन नागपूर–रायपूर महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने चालवा. दिवा वेळीच ओळखला, तर एवढ्याने काम भागते. दुर्लक्ष केले, तर नव्या फिल्टरचे बिल लाखाच्या घरात जाऊ शकते.

याच गाड्यांत निळ्या झाकणाच्या टाकीत युरियाचे द्रावण भरावे लागते. धानाच्या जिल्ह्यात युरिया घरोघरी असतो, म्हणून "पोत्यातला युरिया पाण्यात विरघळवला की झाले" हा सल्ला सहज मिळतो. तो ऐकू नका. या द्रावणात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो आणि बाकीचे क्षारमुक्त पाणी. शेतीच्या युरियावर २०१५ पासून देशभर कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. पिकाला तो उपकारक आहे, पण धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेत तेच तेल आणि इतर अशुद्धी बसतात आणि ती निकामी होते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणे बेकायदा आहे. हे द्रावण चुकून डिझेलच्या टाकीत पडले, तर गाडी सुरू करू नका. चावीही न फिरवता टोइंग बोलवा.

उंदरांबद्दलही एक समज पक्का आहे: वायरींच्या आवरणात सोयाबीन असते, म्हणून ते कुरतडतात. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे त्याला काही ना काही कुरतडावेच लागते. आवरण कशाचेही असले तरी तो सोडत नाही. धान कापले की शेतातले उंदीर घराकडे वळतात, आणि बोनेटखाली त्यांना ऊब आणि आडोसा मिळतो. गाडी तणसाच्या ढिगापासून आणि कोंड्याच्या पोत्यांपासून लांब लावा, रोज थोडी हलवा. उंदीर पळावेत म्हणून बोनेटखाली ठेवतात त्या तंबाखूच्या पुडीपेक्षा याचा उपयोग जास्त.

बोनेट उघडलेच आहे, तर वायपरखालची प्लास्टिकची जाळीही पाहा. गाडी झाडाखाली उभी असेल, तर पानांचा काला तिथल्या भोकांत बसलेला असतो. तो हाताने काढा आणि तांब्याभर पाणी हळूहळू ओता. ते पुढच्या चाकामागे जमिनीवर पडले, तर वाट मोकळी आहे. तिथेच साचले, तर पहिल्या मोठ्या पावसात ते गाडीच्या आत किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या डब्यात उतरेल. बऱ्याच जर्मन गाड्यांचा तो डबा तिथेच बाजूला असतो.

२०२२ साली बिरसीहून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. विमानतळावर गाडी सोडून आठवडाभर बाहेर गेले, की परतल्यावर बॅटरी उतरलेली सापडू शकते. ट्रॅक्टरच्या बॅटरीने झटका दिला तर सगळे कॉम्प्युटर जळतात, ही भीती अर्धी खरी आहे. ट्रॅक्टरची बॅटरी सहसा १२ व्होल्टचीच असते, त्यामुळे मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या ठिकाणी केबल लावली तर चालते. ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, तिच्यापासून दूर राहा. नवी बॅटरी घालताना मात्र बऱ्याच गाड्यांत तिची नोंद स्कॅनरने करावी लागते. ती राहिली, तर चार्जिंग जुन्या बॅटरीच्या हिशेबाने चालते आणि नवीही लवकर जाते.

स्कॅनरवरून आठवले. "स्कॅनरने बिघाड सांगितला" हे वाक्य जपून ऐकावे. पी०१७१ हा कोड एवढेच सांगतो, की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. कारण उन्हाने चिरलेली रबरी नळी असू शकते, मळलेला हवेचा सेन्सर असू शकतो किंवा दमलेला पंप. चांगला फिटर आधी नळ्या तपासतो. घाईतला फिटर थेट महागडा सेन्सर बदलतो, आणि दोन दिवसांनी दिवा पुन्हा लागतो.

"गिअरबॉक्सचे ऑइल जन्मभराचे" हेही तपासून पाहावे. बीएमडब्ल्यू आणि जॅग्वारच्या अनेक गाड्यांना आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ते बदलायला सांगते. रनफ्लॅट टायरबद्दलचा भरवसाही असाच तपासावा. तो पंक्चर झाला तरी चालतो, पण साधारण ८० किलोमीटर आणि ताशी ८० च्या आत. इथून नागपूर दीडशेच्या पुढे आहे. अर्ध्या वाटेवर टायरवाला कुठे आहे, ते आधीच पाहून ठेवा.

या गाड्यांची अधिकृत वर्कशॉप्स नागपुरात असल्यामुळे एक भीती कायम असते: "गोंदियात हात लावला, की वॉरंटी गेली." २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. त्यांत मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आणि स्कोडाही होत्या. बाहेर काम केले एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नये. बाहेरच्या सदोष कामाने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने म्हटले. त्यावर कंपन्या अपिलात गेल्या, म्हणून आपली बाजू कागदावर भक्कम ठेवलेली बरी. मॅन्युअलमधला ऑइलचा मंजुरी क्रमांक, मर्सिडीजसाठी उदाहरणार्थ २२९.५२, बिलावर लिहून घ्या. सोबत तारीख आणि किलोमीटरही. रिकामे डबे फेकण्याआधी त्यांचा फोटो काढून ठेवा.