फोटोतील काळे कुंकू आणि देवघरातील टाक

घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्या माणसाला ट्रंकेच्या तळाशी सापडलेले जुने छायाचित्र हा सर्वांत भक्कम पुरावा वाटतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु छायाचित्रकारापुढे बसण्याची ऐपत, सवड व मोकळीक ज्यांना मिळाली त्यांचीच नोंद छायाचित्र ठेवते, आणि ज्यांना यांपैकी काहीच मिळाले नाही त्यांचा माग बहुधा कुलाचारातच लागतो. कुलाचार म्हणजे एखाद्या कुळात पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक दिवशी, ठरावीक रीतीने होणारी दैवतांची व पितरांची कृत्ये. ही दोन साधने शेजारी ठेवून वाचण्याची सवय मराठी घरांत अद्याप पुरेशी रुजलेली नाही.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिस येथे जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था उभी राहिली, जिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू, स्वतः निष्णात छायाचित्रकार असलेले डॉ. नारायण दाजी यांचा समावेश होता; पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत या विषयाचा वर्गही सुरू झाला. मुंबईला हे तंत्र इतक्या लवकर लाभले, तरी सामान्य घरापर्यंत ते पोहोचण्यास दीर्घ काळ गेला. संस्थानिक, शेठ, वकील व सरकारी अंमलदार यांच्यानंतर गिरणीत किंवा पलटणीत नोकरी लागलेल्या तरुणांची पाळी आली, आणि गावाकडे धाडलेली त्यांची छबी हीच अनेक कुटुंबांतील पहिले छायाचित्र ठरली.

अशा छायाचित्राचा काळ ठरविताना चेहऱ्याआधी कागद पाहावा. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या पातळ कागदावरील, पिवळट-तपकिरी झालेले आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेले चित्र बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील असते. ज्याच्या गडद भागांवर कडेने रुपेरी झळाळी चढलेली दिसते ते जिलेटिनच्या लेपाचे, म्हणजे साधारण १८९० नंतरचे. आणि करवतीसारख्या दातेरी कडांचे लहान चित्र बहुतेक वेळा विसाव्या शतकाच्या मध्याकडे बोट दाखविते. पोशाखाची साक्ष यानंतर घ्यावी. पांढरी गांधी टोपी दिसली, तर चित्र १९२० च्या आसपासच्या असहकार चळवळीपूर्वीचे असण्याचा संभव फारच थोडा. पगडी मात्र घरातील वडीलधाऱ्यांनी नंतरही दीर्घकाळ सोडली नाही, त्यामुळे केवळ तिच्यावरून निष्कर्ष काढू नये.

रंगांच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी, कारण जुन्या काचेवरील रसायनांना निळा प्रकाश चटकन जाणवे आणि तांबडा जवळजवळ जाणवतच नसे. परिणामी तांबडी वस्तू छायाचित्रात काळी उमटते आणि फिकट निळी वस्तू पांढरी भासते. कपाळावरचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे दिसते, तांबडे लुगडे काळी चंद्रकळा वाटते, आणि फिकट निळे लुगडे नेसलेली सवाष्ण पांढऱ्या वस्त्रातील विधवा म्हणून ओळखली जाण्याचा धोका असतो. उलट, केशवपन झालेल्या स्त्रीचे तांबडे आलवण गडद दिसल्यामुळे तिचे वैधव्य नजरेतून निसटू शकते. सर्व रंगांना नीट प्रतिसाद देणारी फिल्म विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हळूहळू रूढ झाली, म्हणून त्यापूर्वीच्या चित्रांत वस्त्राच्या छटेवरून स्त्रीची वैवाहिक स्थिती ठरविणे हे वंशावळीत खोटी नोंद करण्यासारखेच आहे. गळा, हात आणि कपाळ यांवरील खुणा एकत्र पाहूनच मत बनवावे.

स्त्रियांविषयी आणखी एक अडचण आहे आणि ती अधिक गंभीर आहे. अनेक समाजांत लग्नात वधूचे नाव बदलत असल्यामुळे एकच स्त्री माहेरच्या संग्रहात एका नावाने आणि सासरच्या संग्रहात दुसऱ्याच नावाने वावरते, आणि चित्राच्या पाठीवर तर पुष्कळदा ‘सौ. वहिनी’ किंवा ‘मोठी काकू’ एवढेच लिहिलेले असते. कुलवृत्तान्त, म्हणजे एका आडनावाच्या घराण्यांची शाखावार माहिती देणारे ग्रंथ, विसाव्या शतकात मराठीत मोठ्या निष्ठेने तयार झाले; त्यांच्या संपादकांचे परिश्रम आदरास पात्र आहेत, पण त्यांची रचना पित्याकडून पुत्राकडे जाणारी असल्यामुळे लेकी त्या वृक्षावर क्वचितच फांदी होऊ शकल्या.

येथे कुलाचाराचे मोल कळते. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, पतीच्या हयातीत निधन पावलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ श्राद्ध करून सवाष्णीला जेवू घालण्याची रीत आहे. ज्या घरी हा दिवस पाळला जातो किंवा एके काळी पाळला जात असे, त्या घराने अशी एखादी स्त्री, कदाचित बाळंतपणात, गमावलेली असते, मग तिचे छायाचित्र कधी निघालेले असो वा नसो. देवघरातील टाक, म्हणजे धातूच्या लहान पत्र्यावर ठोकून उठविलेली प्रतिमा, खंडोबाचा किंवा भवानीचा असतो तसाच कित्येक घरांत तो पूर्वजाचाही असतो. म्हणून देवघरातील प्रत्येक टाक कोणाचा, तो कोणी बसविला आणि कोणत्या प्रसंगी, ही विचारणा भिंतीवरील तसबिरींच्या चौकशीइतकीच आवश्यक ठरते.

कुलाचार स्थळाचीही साक्ष देतो. खड्यांच्या गौरी बसविणारे कुटुंब आज नागपुरात असले तरी त्याचे मूळ कोकणात शोधावे लागण्याची शक्यता मोठी. गौरींना ‘महालक्ष्म्या’ म्हणणारे घर विदर्भ-मराठवाड्याशी नाते सांगते. आणि गौरीला तिखटाचा, म्हणजे सामिष, नैवेद्य दाखविण्याची कोकणातील अनेक घरांची चाल शहरात आल्यावर मागे पडली असली, तरी आजीच्या स्मरणात ती असते. लग्नात बसविले जाणारे देवक, उदाहरणार्थ कळंब किंवा पंचपालवी, हे कुळाचे पवित्र चिन्ह असून ज्या समाजांत समान देवकाच्या कुळांत सोयरीक टाळतात तेथे ते दूरच्या भावकीचा धागा पुरविते. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकात घरोघर फिरून वंशावळी सांगणारे हेळवी, त्र्यंबकेश्वरसारख्या क्षेत्री यजमानांच्या नोंदी राखणारे उपाध्ये, आणि गी पॉइटविन व हेमा राइरकर यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक संख्येने संकलित करविलेल्या जात्यावरील ओव्या, ही सारी याच स्मृतीची भांडारे आहेत. त्यांतही ओव्यांचे महत्त्व विशेष, कारण छायाचित्र आणि कागद या दोहोंपासून वंचित राहिलेल्या कष्टकरी स्त्रियांनी माहेरची माणसे, भाऊ आणि लेकी यांना त्यांत जपून ठेवले.

अर्थात परंपराही बदलते. सुनेबरोबर एखादी चाल घरात येते, प्रतिष्ठेसाठी दुसऱ्यांची रीत स्वीकारली जाते, आणि दोन पिढ्यांत ती ‘पूर्वापार’ ठरते. म्हणून तिचा पडताळा जन्म-मृत्यूच्या जुन्या, पुष्कळदा मोडी लिपीतील नोंदींशी आणि जमिनीच्या कागदांशी घ्यावा लागतो.

मॉरिशसमधील मराठी कुटुंबांच्या बाबतीत ही जुळवणी कशी होते ते स्पष्ट दिसते. एकोणिसाव्या शतकात करारबद्ध मजूर म्हणून मुंबई बंदरातून गेलेल्या या लोकांपैकी बहुसंख्य कोकणातील होते. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरांना स्वतःचे छायाचित्र असलेले ओळखपत्र बाळगणे भाग पाडले, आणि त्या काळची छायाचित्रे व मजुरांच्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. ही छायाचित्रे हौसेची नव्हेत, माणसांवर पाळत ठेवण्यासाठी काढलेली आहेत. तरीही जिल्ह्याची नोंद असलेली वही, पाळतीसाठी काढलेला तो चेहरा आणि कोकणातील जाखडी नृत्याशी नाते सांगणारी, तेथे आजही सादर होणारी ‘झाकरी’ ही तीन साधने एकत्र आली की वंशजांना गावाच्या दिशेने जाता येते.

संग्रह सांभाळताना काचेला चिकटलेले चित्र ओढून सुटे करू नये, काचेसहच त्याची प्रत काढावी. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधील चित्रे जाणकाराच्या मदतीने हलवावीत. आणि पाठीवरची माहिती बॉलपेनऐवजी मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावी. त्या माहितीत स्त्रीची दोन्ही नावे, माहेरचे आडनाव, गाव आणि हे कोणी सांगितले त्याची नोंद हवी. भाऊबीजेला लेकी माहेरी येतात, तेव्हा सासरच्या संग्रहातील आजेसासू-चुलत सासवांची चित्रे त्यांनी बरोबर आणली, तर दोन घरांत दोन नावांनी विखुरलेली एकच स्त्री ओळखू येण्याची संधी मिळते; घरातील सर्वांत वयस्क आत्या किंवा मावशी त्या वेळी हजर असेल, अशी तजवीज मात्र आधी करावी.