रंजकविकृतींवरील लेसर चिकित्सा

त्वचेतील मेलॅनीन हे रंजकद्रव्य प्रमाणाबाहेर किंवा नेहमीपेक्षा खोल साठल्यामुळे पडलेले डाग लेसर किरणांनी फिकट करण्याची पद्धती. तिला शास्त्रीय बैठक १९८३ मध्ये अमेरिकेतील रॉक्स अँडरसन व जॉन पॅरिश यांच्या सिद्धांताने मिळाली. मेलॅनीन शोषून घेईल अशा तरंगलांबीचा प्रकाश काही नॅनोसेकंदच सोडल्यास उष्णता बाहेर पसरण्यापूर्वीच रंजककण फुटतात व भोवतालच्या ऊतकाला फारशी इजा होत नाही. फुटलेले कण भक्षिकोशिका हळूहळू वाहून नेतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गोंड व माडिया समाजांत रूढ असलेल्या गोंदणातील काळा रंगही याच तत्त्वाने घालविता येतो.

भारतीयांच्या सावळ्या त्वचेत मात्र अडचण अशी की, बाह्यत्वचेतील स्वाभाविक मेलॅनीनच प्रकाश आधी शोषते. त्यामुळे त्वचा भाजणे, पांढरे चट्टे उमटणे वा मूळ डाग अधिक गडद होणे संभवते. म्हणून ६९४ नॅनोमीटरच्या माणिक लेसरपेक्षा खोल पोहोचणारा १,०६४ नॅनोमीटरचा निओडिमियम-याग लेसर येथे श्रेयस्कर ठरतो. डोळ्याभोवतीचा निळसर ओटा डाग अनेक बैठकींनंतर बहुधा कायमचा फिकट होतो. वांगाचे तसे नाही. तो पुष्कळदा उलटतो, विशेषतः चंद्रपूरसारख्या कडक उन्हाच्या प्रदेशात उघड्यावर राबणाऱ्यांत. त्यामुळे वांगावर उन्हापासून संरक्षण व मलमे हेच प्रथमोपचार असून लेसरचा विचार त्यानंतरच करतात. कोडात उद्दिष्ट नेमके उलटे असते : ३०८ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरने रंजककोशिकांना उत्तेजन देऊन गेलेला रंग परत आणण्याचा प्रयत्न करतात.