धुक्यातली धावपट्टी

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर दाट धुके पसरले की वैमानिकास धावपट्टी दिसेनाशी होते. अशा वेळी उतारूंनी भरवसा ठेवावा तो कशावर?

धावपट्टीजवळून बिनतारी लहरींचे दोन झोत आकाशात सोडलेले असतात. एक डावे-उजवे सांगतो, दुसरा उंच-सखल. प्रत्येकात दोन सूर, सेकंदास ९० कंपनांचा आणि १५० कंपनांचा. विमान डावीकडे ढळले तर पहिला वरचढ, उजवीकडे ढळले तर दुसरा. दोन्ही समसमान झाले की वाट बरोबर. उताराचा कोन सुमारे ३ अंश. जमिनीलगत मात्र बिनतारी उंचीमापकाचे ऐकून यंत्र विमानाचे नाक हलकेच उचलते. १० जून १९६५ रोजी पॅरिसहून उतारू घेऊन आलेले ट्रायडेंट विमान हीथ्रोवर टेकले, ते यंत्रानेच असे नाक उचलून.

पण यंत्रच चुकले तर? ट्रायडेंटच्या रचनाकारांनी एकाच कामावर तीन स्वयंचालक नेमले. एकाचे इतर दोघांशी जुळेना, की तो बाजूस सारला जाई. ही योजना आम्हांस मोठी शहाणपणाची वाटते. आपल्या चुकीची शक्यता तीत आधीच धरलेली आहे. शिवाय अखेरचा अधिकार वैमानिकाचाच. त्याचे समाधान न झाल्यास तो विमान पुन्हा वर नेतो. उतारू कुरकुरतात, कुरकुरोत बापडे!