आधी तोंड, मंग लगाम

दारव्ह्याला लग्नसराईत वरातीच्या घोडीची मागणी वाढते. पुढे बँड, मागे डीजे, पायाशी फटाके आणि पाठीवर कधीच घोड्यावर न बसलेला नवरदेव. अशा गोंगाटात घोडी बिथरू नये म्हणून काही जण तिला काटेरी लगाम घालतात. गावाबाहेरच्या एका तबेल्यात एक तरुण मालक हेच सांगत होता, "काका, ही मान झटकते, थांबतच नाही. काटेरीच घालावा लागते."

जन्मभर घोडी सांभाळलेले काका म्हणाले, "थांबत नाही, का दुखते तिले? आधी तोंड पाहू, मंग लगाम."

त्यांनी ओठाच्या कोपऱ्यातून अंगठा आत घातला. तिथे दात नसतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये घोड्याच्या जबड्यात मोकळी जागा असते आणि लगामाचा दांडा तिथेच बसतो. खालच्या जबड्यात त्या जागी हाडावर हिरडीचा पातळ थर तेवढा असतो. काट्यांनी तो सोलला जातो. वेदनेने घोडी तोंड उघडते, मान वर फेकते, आणि मालकाला वाटते की ती हट्टी आहे.

जीभ बाजूला धरून काकांनी उजेडात आत पाहिले. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झाल्या होत्या आणि गालाला आतून जखम होती. घोड्याच्या दाढा आयुष्यभर वर येत राहतात आणि चघळताना झिजतात. ही झीज सारखी झाली नाही की अशा कडा येतात. पशुवैद्य कानशीने त्या घासून देतात. जखम भरेपर्यंत तोंडात लगामच नको, असे काकांनी बजावले.

मग त्यांनी माप घेतले. तोंडात आडवी सुतळी धरली आणि ओठांच्या दोन्ही कडांशी गाठी मारल्या. दांडा त्या मापापेक्षा जेमतेम अर्धा-एक सेंटिमीटर जास्त हवा. आखूड असला तर ओठ चिमटतो, लांब असला तर इकडेतिकडे सरकतो. लगाम चढवल्यावर ओठाच्या कोपऱ्यात एखादी सुरकुती पडली की उंची बरोबर. जाड दांडा मऊ, हा समजही सरसकट खरा नाही. जीभ जाड आणि टाळू खाली असेल तर तो तोंडात मावतच नाही. एका सांध्याचा दांडा ओढल्यावर मधे दुमडतो आणि टाळूला टोचू शकतो. दोन सांध्यांचा जिभेवर सपाट बसतो. बाजूला लांब काड्या असलेल्या लगामात हाताचा जोर तरफेने कैक पट होतो. नवख्या हातात तो देऊच नये.

माळेगावच्या किंवा सारंगखेड्याच्या यात्रेत लगाम घेताना हे माप खिशात असावे. दांड्यावरून बोट फिरवून पाहावे. गंज, खाच, सैल सांधा लागला तर तो बाजूला ठेवावा.

काटेरी लगामावर तर ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या 1965च्या केंद्रीय नियमांनीच बंदी घातली आहे. म्हणून वरातीसाठी घोडी ठरवताना भाड्याआधी तिचा लगाम पाहा. काटे दिसले तर ती घोडी ठरवू नका, आणि का ठरवत नाही ते मालकाला स्पष्ट सांगा.