पाडव्याची उलटी ओवाळणी

पाडव्याला बायकोने ओवाळायचं आणि नवऱ्याने तबकात काहीतरी घालायचं, ही आपली रीत. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे ती उलटी झाली. ओवाळून झाल्यावर मीच दिवाणाखालून एक खोकं ओढलं आणि नवऱ्यापुढे सरकवलं. आत सुतारकामाचा संच होता, बेचाळीस नगांचा! बँकेतून निवृत्त झाल्यापासून हा गॅलरीत लाकडं तासत बसायचा. हाताशी काय, तर एक बोथट करवत आणि सासऱ्यांच्या वेळचा लाकडी रंधा. म्हटलं, एकदाच काय ते सगळं घेऊन टाकू.

तो "वा!" म्हणाला. उपम्यात मीठ विसरते तेव्हाही तो असाच "वा!" म्हणतो.

आठवडाभरात उलगडा झाला. बेचाळीसपैकी तीसेक नग म्हणजे स्क्रूड्रायव्हरची टोकं. पटाशीची धार दुसऱ्याच ठोक्याला दुमडली. आमच्या सोसायटीत कामाला येणारे सुतारकाका ते खोकं बघून म्हणाले, "वहिनी, एवढ्या पैशात एकच पटाशी घ्यायची होती की!" काकांच्या घरी खंडेनवमीला पाटावर मांडली जातात ती हत्यारं मोजून दहा-बारा. पण एकेक तीस-तीस वर्षं चाललेलं.

मग मी वर्षभर चोरून अभ्यास केला. त्यातलं थोडं इथे सांगते, कारण माझ्यासारखी फसगत झालेल्या बायका (आणि सुतारकामाचं वेड असलेल्या बायकांचे नवरेही) पुष्कळ असणार.

पहिली गोष्ट म्हणजे दुकानातून आणलेली पटाशी धारदार नसतेच, अगदी चांगल्यातली असली तरी. धार आपणच लावायची असते. पात्याची सपाट पाठ आधी दगडावर आरशासारखी करायची. मग उतरती बाजू. ती साधारण २५ अंशांत घासलेली असते. अगदी टोकाला ३० अंशांची बारीक कड द्यायची, म्हणजे धार टिकते. घासता घासता पाठीच्या बाजूला धातूचा एक अतिशय पातळ पदर येतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला खरखरतो. तो आला म्हणजे धार टोकापर्यंत पोचली. पाठ दगडावर एकदा फिरवून तो काढून टाकायचा. लागली की नाही हे काका पाइनच्या तुकड्याच्या आडव्या छेदावर बघतात: लाकूड चुरगळलं तर पुन्हा दगडावर, काचेसारखं कापलं गेलं तर काम झालं. बोथट हत्याराने हात कापत नाही, हा माझा समज होता. खरं तर तेच जास्त कापतं, कारण जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात घसरतो.

म्हणजे भेट द्यायची तर हत्याराआधी दगड. पाण्यात भिजवून वापरायचा जपानी दगड मिळतो, एका बाजूने १००० नंबरचा, दुसऱ्या बाजूने ६००० चा. पहिली बाजू धार आणते, दुसरी तिला चमक देते. विटेसारखी ही वस्तू रंगीत कागदात बांधून द्यायला संकोच वाटतो खरा. पण हत्यारांच्या पेटीत तिच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही.

करवतीचंही तसंच. आपल्या बाजारात सर्रास मिळणारी करवत पुढे ढकलताना कापते. ढकलताना पातं वाकू नये म्हणून ते जाड ठेवावं लागतं. जपानी करवत ओढताना कापते. ओढलेलं पातं ताणात राहतं, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि कापही बारीक पडतो. तिच्यातल्या र्‍योबा नावाच्या प्रकाराला दोन्ही कडांना दात असतात, एकीकडे रेषांच्या दिशेने उभं चिरायला, दुसरीकडे आडवं कापायला. दातांचे हे दोन प्रकार मुळातच वेगळे. उभं चिरणारा दात बारीक पटाशीसारखा असतो, आडवं कापणारा सुरीच्या टोकासारखा. एक अडचण मात्र आहे. बऱ्याच जपानी करवतींचे दात इतके कडक केलेले असतात की कानशीने त्यांना धार लावता येत नाही, पातंच बदलावं लागतं. तेव्हा सुटं पातं मिळतं का, हे आधी विचारून घ्यावं.

रंध्याच्या बाबतीत मात्र मी हात आखडता घेतला. लोखंडी रंध्याचं आजचं रूप मूळचं अमेरिकेतल्या लेनर्ड बेली यांचं. १८६९ मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्यांचे हक्क विकत घेतले आणि पुढे जगभर त्याच घडणीचे रंधे निघाले. त्यातला दहा इंचांच्या आसपासचा, दोन इंची पात्याचा 'नंबर चार' घरगुती कामाला पुरतो. पण स्वस्तातल्या रंध्याचा तळ सपाट नसतो, तो घासण्यात दोन रविवार जातात. सासऱ्यांचा लाकडी रंधा काकांनी पातं धार लावून, पाचर नीट ठोकून दिला, आणि त्यातून कागदासारखी वळी निघाली. नवऱ्याने ती चष्म्याच्या पेटीत जपून ठेवली आहे. आहे खरी!

उरलेल्या पैशांत दोन क्लॅम्प घेतले. फेव्हिकॉल १९५९ मध्ये आला, त्याआधी आपले सुतार सरस उकळून वापरायचे. पण गोंद कोणताही असो, तो सुकेपर्यंत सांधा दाबून धरायला काहीतरी हवंच. आणि एक चांगला मास्क. लाकडाचा भुसा निरुपद्रवी वाटतो, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीला १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे. यावर आमच्याकडे वाद झाला, मी जिंकले.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हे सामान घेताना दुकानदाराने दोनदा विचारलं, "मिस्त्रींनी सांगितलंय का नक्की हेच?" दोन्ही वेळा मी हो म्हटलं.

दुसऱ्या पाडव्याला खोकं लहान होतं: दगड, अर्ध्या इंचाची एक पटाशी, करवत, क्लॅम्प, मास्क. या वेळी "वा!" आला नाही. त्याने पटाशी काढली, नखावर टेकवली आणि दिवे तसेच सोडून गॅलरीत गेला.

त्याने पहिला केला तो पाट, सागवानी. पाटाच्या खालच्या आडव्या पट्ट्या गोंदाने पक्क्या चिकटवायला तो निघाला होता, काकांनी वेळेवर अडवलं. लाकूड पावसाळ्यात रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं; लांबीला जवळजवळ हलत नाही. फळी आडव्या पट्टीने जखडली तर ती तडकते. म्हणून पट्टीतली स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, फळीला हलायला जागा द्यायची. हत्यारांना पावसाळ्यात गंज चढू नये म्हणून शिवणयंत्राचं तेल पुसून ठेवायचं, हेही काकांचंच.

गेल्या पाडव्याला नवरा त्याच पाटावर बसला होता. पाट दोन पावसाळे काढूनही तडकलेला नाही. थोडा डुगडुगतो, म्हणून डाव्या कोपऱ्याखाली जुन्या लग्नपत्रिकेची घडी घालावी लागते.