विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी

१९२०च्या फेब्रुवारीत रूथ राउझ व्हिएन्नात पोचल्या. पहिले महायुद्ध संपून सव्वा वर्ष झाले होते. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्याची शकले झाली होती आणि त्या शकलांमधून शिकायला आलेली मुले व्हिएन्नात अडकून पडली होती. घरून पैसे येणे बंद, खोलीत जळण नाही, अंगावर सैन्यातलेच जुने कपडे आणि जोडीला क्षय. राउझ या जागतिक ख्रिस्ती विद्यार्थी महासंघाच्या कार्यकर्त्या. विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास त्यांनी काही काळ मुंबईतही मिशनचे काम केले होते. त्यांनी देशोदेशींच्या विद्यार्थ्यांना हाक घातली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या बेआटेनबर्ग येथे ‘युरोपियन स्टुडंट रिलीफ’ उभी राहिली.

धर्म, वंश, राष्ट्र यांपैकी काहीही न पाहता मदत करायची, असे ठरले. आज हे साधे वाटते. तेव्हा याचा अर्थ असा होता, की ज्यांचे भाऊ खंदकात मारले गेले त्या इंग्लिश विद्यार्थ्यांनी जर्मन आणि ऑस्ट्रियन विद्यार्थ्यांच्या जेवणासाठी वर्गणी काढायची. ती त्यांनी काढली. १९२२च्या रशियातील दुष्काळात तिथल्या विद्यार्थ्यांसाठीही स्वयंपाकघरे चालली.

या कामातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग जर्मनीत घडला. नुसते फुकट जेवू घालणे कोणालाच नको होते. १९२१मध्ये ट्युबिंगेन येथे विद्यार्थ्यांच्या स्वावलंबनाची देशव्यापी संघटना स्थापन झाली. स्वस्त खाणावळी, जोडे दुरुस्त करण्याचे कारखाने, कर्जनिधी असा तिचा पसारा वाढत गेला. १९२३च्या महागाईत सकाळची नोट संध्याकाळी कवडीमोल होई, तेव्हा मुले सुट्टीत खाणींमध्ये आणि कारखान्यांत राबून सत्राची सोय करत. भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४मध्ये साताऱ्यात शाहू बोर्डिंग सुरू केले, तो हाच काळ. त्यांचे ‘कमवा आणि शिका’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ट्युबिंगेनची गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

पण याच जर्मनीत पुढे जे झाले, ते विसरता येत नाही. २५ एप्रिल १९३३च्या कायद्याने नव्या प्रवेशांमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचे प्रमाण दीड टक्क्यावर आणले. बंधुभावाच्या वर्गणीतून वाढलेली विद्यार्थी-साहाय्याची व्यवस्था नाझींच्या हाती गेली आणि तिच्या सवलतींतूनही ज्यू मुले बाहेर पडली. ‘युरोपियन स्टुडंट रिलीफ’चे नाव तोवर ‘इंटरनॅशनल स्टुडंट सर्व्हिस’ झाले होते. दहा वर्षांपूर्वी तिने ज्या देशातल्या मुलांना जेवू घातले, त्याच देशातून पळालेल्या मुलांसाठी आता तिला दुसऱ्या देशांत जागा शोधाव्या लागल्या. मदत काढून घेता येते, हक्क काढून घेणे तितके सोपे नसावे, ही जाणीव इथून धारदार झाली असे मला वाटते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हक्क कागदावर आला. १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील कलम २६ने उच्च शिक्षण गुणवत्तेच्या आधारे सर्वांना सारखेच खुले असावे असे म्हटले. १९५१च्या निर्वासितविषयक कराराने मात्र हात आखडला: प्राथमिक शिक्षण नागरिकांसारखेच, त्यापुढचे ‘शक्य तितके अनुकूल’. निर्वासित मुलाला कॉलेजच्या दारात अडवणारी फट ती हीच. ‘इंटरनॅशनल स्टुडंट सर्व्हिस’ने १९५०मध्ये ‘वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस’ हे नाव घेतले होते. पुढची चाळीस वर्षे ती ही फट बुजवत राहिली.

चिलीचे उदाहरण घ्या. ११ सप्टेंबर १९७३ला लष्करप्रमुख पिनोशेने सत्ता बळकावली आणि काही आठवड्यांत विद्यापीठांवर लष्करी कुलगुरू येऊन बसले. संघटनेच्या ब्रिटिश शाखेने तिथून सुटलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि प्राध्यापकांसाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. १९७४मध्ये आलेल्या मजूर सरकारातील मंत्री ज्युडिथ हार्ट यांनी पैसे मिळवून दिले. सुमारे ९०० जणांना शिकता आले. यातले अनेक जण तुरुंगातून थेट परक्या भाषेच्या वर्गात येऊन बसले होते.

सगळेच असे उजळ नाही. ‘वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस’चे मुख्यालय जिनिव्हात होते; त्याच शहरातल्या ‘इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी एक्स्चेंज फंड’ या दुसऱ्या संस्थेतून दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषविरोधी तरुणांना शिष्यवृत्त्या जात. त्या संस्थेचा उपसंचालक क्रेग विल्यमसन तिथल्या वर्णद्वेषी सरकारचा हेर निघाला. जानेवारी १९८०मध्ये हे उघड झाले आणि संस्था त्यातून सावरली नाही. १९८२मध्ये मापुटोच्या विद्यापीठात वर्णद्वेषविरोधी लेखिका रूथ फर्स्ट यांना ज्या बॉम्बच्या पाकिटाने मारले, त्या कटात हाच माणूस होता. शिष्यवृत्तीच्या अर्जातली नावे आणि पत्ते कोणाच्या हाती पडत होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

सप्टेंबर १९८८मध्ये लिमा येथे ‘वर्ल्ड युनिव्हर्सिटी सर्व्हिस’ने शैक्षणिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. विद्यापीठांची स्वायत्तता आणि शिकण्याचा हक्क यांची सांगड त्यात स्पष्ट घातली आहे. पुढच्या दशकात जिनिव्हाचे मुख्यालयच बंद पडले. काही देशांतल्या शाखा तेवढ्या टिकल्या.

त्यांतली कॅनडाची शाखा बघण्यासारखी आहे. १९७८पासून तिथल्या कॉलेजांतले विद्यार्थी आपल्या शुल्कात थोडी वर्गणी घालतात आणि त्यातून निर्वासित विद्यार्थी बोलावतात. विद्यार्थी मतदान करून ही वर्गणी स्वतःवर लावून घेतात. केनियातल्या काकुमा आणि दादाब छावण्यांतून आलेला मुलगा वा मुलगी विमानतळावर उतरते, तेव्हा न्यायला वर्गमित्रच येतात. पहिल्या वर्षाचे राहणे-जेवणे-शिक्षण त्यांच्या जबाबदारीवर, आणि कायम वास्तव्याचा हक्क पहिल्या दिवसापासून. आजवर दोन हजारांहून अधिक जण असे आले. सरकारे बदलली, देणगीदार गेले, तरी ही वर्गणी चालू राहिली.

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाच्या हिशेबाने २०१६मध्ये जगातल्या निर्वासित तरुणांपैकी अवघा १ टक्का उच्च शिक्षणात होता. २०३०पर्यंत १५ टक्क्यांचे उद्दिष्ट आहे. प्रमाण वाढते आहे, पण उद्दिष्ट अजून बरेच दूर आहे.

पुण्याने हा प्रश्न जवळून पाहिला आहे. इथे शिकणारे, पण कोविडच्या काळात घरी गेलेले अफगाण विद्यार्थी ऑगस्ट २०२१मध्ये तालिबानने सत्ता घेतल्यावर तिथेच अडकले, कारण आधी दिलेले व्हिसा भारताने रद्द केले. डिसेंबर २०२२मध्ये तालिबानने तिथल्या मुलींना विद्यापीठबंदी केली. भारताने १९५१च्या करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ‘शक्य तितके अनुकूल’ एवढेही वचन इथे बंधनकारक नाही. पण कॅनडासारखी वर्गणी काढायला करारावर सही लागत नाही. पुण्या-मुंबईच्या एखाद्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी वर्षाला दहा-दहा रुपये घालायचे ठरवले, तर काबूलहून निघू शकलेल्या एखाद्या मुलीची पदवी पुरी होऊ शकते. तिच्यासाठी व्हिसा मागण्याचे कामही मग त्यांनीच अंगावर घ्यावे.