बिनशिट्टीचा कुकर आणि साहेबाचं पुडिंग

डोलवीत 'हॉट' म्हटलं की पुढचे शब्द ठरलेले: 'रोल्ड कॉइल'. पेण तालुक्यातलं पोलाद कारखान्याचं गाव ते. तिथे कुणाकडे गरम पुडिंग मागून बघा. आधी तुमच्या तोंडाकडे बघतील, मग विचारतील, "म्हणजे कस्टर्ड ना?" आणि फ्रीज उघडतील.

1840 मध्ये रायगडच्या किनाऱ्यावरचं आंग्र्यांचं कुलाबा संस्थान खालसा झालं आणि पुढची शंभरावर वर्षं साहेब इथे राज्य करून गेला. त्याचा चहा रुजला, बिस्किट रुजलं. वाफाळतं पुडिंग मात्र त्याच्याबरोबरच बोटीत चढलं. आमचं मत विचाराल तर त्यात नवल नाही. पेणचे गणपती जगभर जातात, त्या तालुक्यात उकडीच्या गोडाची जागा रिकामी कुठे होती?

चरबीची गोष्ट. अस्सल ब्रिटिश पुडिंगचा जीव असतो 'स्यूएट'मध्ये. म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी, किसून मैद्यात मिसळलेली. उकडताना ती सावकाश वितळते, तिच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि पुडिंग हलकं होतं. काळ्या मनुकांचं 'स्पॉटेड डिक' असंच बनतं. हल्ली वनस्पतिजन्य स्यूएटही मिळतं, पण हे मूळ पुराण ऐकल्यावर आपल्याकडची निम्मी पंगत पाटावरून उठेल.

शर्टाची बाही. 'जॅम रोली-पोली' हा जॅम लावून गुंडाळलेला लांबट रोल पूर्वी जुन्या शर्टाच्या बाहीत घालून उकडत. म्हणून त्याचं लाडाचं नाव 'मेलेल्याचा हात'! इंग्लंडातल्या ससेक्समध्ये तर एक अख्खं लिंबू, सालीसकट, लोणी-साखरेबरोबर पिठाच्या पारीत कोंबतात आणि तासन्‌तास वाफवतात. कापलं की आंबटगोड रसाचं तळंच साचतं ताटलीत. आपण पातोळे हळदीच्या पानात वाफवतो. त्या पानाचा वास पदार्थाला लागतो. बाहीचा लागत नसेल अशी आशा करू या.

खरी जोडी जुळते ती सांदणाशी. तांदळाचा जाडसर रवा, बरक्या फणसाचा रस, गूळ, नारळाचं दूध. मिश्रण मुरू द्यायचं, इडलीपात्रात वाफवायचं, सुरीचं टोक खुपसून कोरडं निघतंय का बघायचं. आणि वाढताना वरून पुन्हा नारळाचं दूध. तिकडे स्पंज पुडिंगवर गरम कस्टर्ड ओततात, तेच हे. फरक वेळेचा. पुडिंगच्या भांड्यावर चुण्या घातलेला कागद सुतळीने बांधून दीड-दोन तास उकळत ठेवावं लागतं, मध्येमध्ये पाणी घालत. एवढा वेळ आता इंग्लंडातही रोजच्या स्वयंपाकाला कोण देतो? कपातला स्पंज मायक्रोवेव्हमध्ये मिनिटांत होतो, नाहीतर तयार डबा आणतात. ख्रिसमसचं पुडिंग तेवढं मान राखून आहे, आणि तेही बऱ्याच घरी विकतचंच.

बायकोसाठी कस्टर्ड. 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्याच्या बायकोला अंडं सोसत नव्हतं आणि कस्टर्ड तर आवडीचं. त्याने कॉर्नफ्लोअर वापरून बिनअंड्याचं कस्टर्ड काढलं. त्या एका पथ्यावर कोट्यवधी शाकाहाऱ्यांची सोय झाली! पुण्याच्या वीकफील्डचा डबा आपल्याकडे घरोघरी गेला तो याच युक्तीवर. मात्र आपण ते थंड केलं, केळी-डाळिंब घातलं आणि लग्नाच्या पंगतीत फ्रूट सॅलड म्हणून बसवलं. गरम गरम पुडिंगवर ओतायची ही पिवळी धार, इथे पुडिंगलाच रजा देऊन स्वतः पाहुणी झाली.

घरात अजून टिकून आहे ते ब्रेड पुडिंग. शिळ्या स्लाइस संपवायचा तो हमखास उपाय. अॅल्युमिनियमच्या डब्यात साखर थेट आचेवर, चमचा न घालता. कडेने पाघळते, सोनेरी होते, मग तांबूस. इथे नजर हलली की कडू. डबा फिरवून पाक तळाला पसरायचा, तो कडकड वाजत थिजतो. वर दूध-अंड्यात भिजवलेला ब्रेड, झाकण घट्ट, आणि कुकरची शिट्टी काढून वाफवायचं. पुन्हा वाफच! पण साहेबाने जे गरम खाल्लं असतं ते आपण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवतो आणि सकाळी ताटलीत उपडं करतो.

साम्राज्याचं पुडिंग. 1927 मध्ये एम्पायर मार्केटिंग बोर्डाने राजाच्या खानसाम्याची, आंरी सेदार यांची, ख्रिसमस पुडिंगची कृती छापून वाटली. अट एकच, माल साम्राज्यातलाच हवा. मनुका ऑस्ट्रेलियाच्या, लवंग झांजिबारची, रम जमैकाची, दालचिनी हिंदुस्थानची किंवा सिलोनची. वसाहतींचं अख्खं दुकान एका फडक्यात बांधलं. जाहिरात कशी करावी हे साहेबाकडून शिकावं.

स्यूएटच्या पुडिंगवर दुधाचं कस्टर्ड, हा चरबी आणि दुधाचा मेळ रायगडातल्या एका समाजाला मात्र कधीच चालला नसता. बेने इस्रायलींना. नवगावच्या किनाऱ्यावर उतरलेले, तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली'. पेणलाही त्यांचं सिनेगॉग आहे. मांसाच्या जेवणात दूध निषिद्ध, म्हणून नववर्षाचा त्यांचा 'चिकाचा हलवा' गव्हाच्या सत्त्वात नारळाचं दूध घालून घोटतात. पंगतीत मटण असलं तरी हरकत नाही, गोडाला धक्का लागत नाही. हलवा गरम ढवळायचा, गार करून वड्या पाडायच्या.

इकडे पुडिंग रुजलं नाही; तिकडे इंग्लंडात 1985 मध्ये मिकलटन गावच्या एका हॉटेलात चक्क 'पुडिंग क्लब' निघाला, कारण ही पुडिंगं मेन्यूवरून गायब होत चालली होती. तिथे जेवण बेताचं असतं, मग ओळीने सात पुडिंगं येतात आणि शेवटी सर्वांत आवडतं कुठलं यावर मतदान. सात पुडिंगांनंतर हात वर होतो, हेच कौतुक.